माडाचे फूल आणि त्याचे धनी

२०१६ सालच्या जानेवारीत गोव्याच्या विधानसभेने वृक्षसंरक्षणाच्या १९८४ च्या कायद्यात दुरुस्ती केली, आणि माड हा त्या कायद्यापुरता वृक्ष राहिला नाही. त्याला फांद्या नाहीत, त्याच्या खोडात वर्षावर्षाची कडी पडत नाहीत, खरे पाहता तो गवताच्या कुळाचा जवळचा आप्त आहे, असा शास्त्रार्थही त्या वेळी कानांवर आला. लोकांनी रान उठविले आणि पुढच्याच वर्षी माडाला पुन्हा वृक्षपद मिळाले. आम्ही धंद्याने वकील असल्यामुळे व्याख्यांच्या खटाटोपाचे आम्हांस कौतुक आहेच. परंतु त्या साऱ्या वादात एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. दोन्ही बाजू बोलत होत्या त्या खोडाविषयी. कोणी त्याची जाडी मोजत होता, कोणी फांद्या शोधत होता, कोणी लाकूड तपासत होता. माडाच्या फुलाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. आणि माडाच्या जातीचा सारा संसार तर त्या फुलावर चाललेला असतो.

हे फूल कोणाचे, असा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवणार आहोत. प्रश्न पोरकट वाटेल. ज्याची जमीन त्याचे झाड, आणि ज्याचे झाड त्याचे फूल, हे शेंबडे पोरही सांगेल. पण क्षणभर थांबून पाहिले तर एकाच पोयीवर किती जणांचा डोळा असतो ते ध्यानात येते. भाटकाराला नारळ हवा असतो. रेंदेराला फुलायच्या आधीची कोवळी पोय हवी असते, कारण ती उमलली की सूर संपली. पोफळीचा फुलोरा देवळात हवा असतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नागपूजेला तो नसला तर पूजा उणी वाटते. आणि ह्या सर्वांच्या आधी, पहाटेच्या उन्हाबरोबर, मधमाशी, मुंगी, गांधीलमाशी आणि नाना जातींचे बारीक किडे आपापला वाटा उचलून गेलेले असतात. त्यांनी कोणाला विचारलेले नसते. ते पाहुणे, भागीदार की चोर?

प्रथम वस्तुस्थिती नीट पाहिली पाहिजे. पुराव्यावाचून निवाडा करण्याची सवय आम्हांस नाही. उंच जातीचा माड बहरात आला की साधारण महिन्याकाठी एक पोय टाकतो. पोय फुटली की आतून लोंब्यांचा झुपका बाहेर पडतो. प्रत्येक लोंबीच्या बुडाशी एखाददुसरे मादी फूल असते, ज्याला आपण बोंड म्हणतो, आणि टोकापर्यंत शेकडो नरफुले दाटलेली असतात. नरफुले आधी उमलतात, सुमारे तीन आठवडे उमलत व गळत राहतात. ती सरल्यावर मग बोंडांची पाळी येते, आणि तीही थोड्या दिवसांची. म्हणजे एकाच पोयीतील नर आणि मादी यांची गाठ बहुधा पडतच नाही. बोंडाला लागणारा पराग दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. तो काही वाऱ्याने येतो, काही माशीच्या अंगाला चिकटून येतो. ठेंगू जातींत दोन्ही पाळ्या एकमेकींवर येतात, म्हणून ठेंगू माड आपला आपणच फळतो. पोफळीची तऱ्हा थोडी निराळी. तिचे झाप विरीसकट गळून पडले की त्या जागी फुलोरा उघडा होतो. वरची नरफुले सुवासिक, खालची मादी फुले मोठी आणि मुकी. मधमाश्या नरफुलांवर तुटून पडतात, पराग नेतात, मादी फुलाकडे मात्र क्वचितच फिरकतात. पोफळीचे काम मुख्यतः वाराच करतो. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

माड आणि पोफळ ही झाली आपली घरची मंडळी. त्यांचा एक रानातला भाऊबंद आहे, ज्याच्यामुळे ह्या लेखाला निमित्त मिळाले. सह्याद्रीच्या ओल्या रानांत, कारवारपासून कोकणभर, दऱ्यांच्या उतारांवर भेर्ली माड आढळतो. पाने माशाच्या शेपटीसारखी कातरलेली आणि पुन्हा दुहेरी विभागलेली, अशी दुसऱ्या कोणत्याही माडवर्गीय झाडाची नसतात. लग्नाच्या मांडवाला आणि कमानीला त्याचे झाप शोभून दिसतात. १६७८ साली आम्स्टरडॅमला छापून निघालेल्या हॉर्टस मलबारिकस ह्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात माड आणि पोफळ यांच्या पंक्तीला ह्या झाडाचेही चित्र आहे. त्या ग्रंथाला साह्य करणारे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोंकणी वैद्य आपलेच. त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र त्याच खंडात छापलेले आहे. पुढे १७५३ साली लिनियसने ह्या झाडाला कॅरिओटा युरेन्स असे नाव दिले. युरेन्स म्हणजे जाळणारा. त्याच्या लाल फळांचा रस अंगाला लागला की आग होते आणि खाज सुटते, ती अनुभवलेल्याला ह्या नावाचे आश्चर्य वाटत नाही.

ह्या झाडाचे फुलणे मोठे विलक्षण आहे. दहा-पंधरा वर्षे ते नुसते वाढत राहते, खोडात पीठ साठवीत राहते, फुलाचे नाव काढीत नाही. मग एके वर्षी अगदी शेंड्याशी पहिला फुलोरा सुटतो, घोड्याच्या शेपटीसारखा खाली लोंबतो. पुढचा त्याच्या खालच्या पेरातून येतो, त्याच्या पुढचा आणखी खालून. असे कित्येक वर्षे फुलणे वरून खाली उतरत येते. प्रत्येक लोंबीवर तीन-तीन फुलांचे जुडगे, मध्ये मादी, दोन बाजूंस नर; नर आधी उमलून झडतात, मादी मागाहून जागी होते. साठवलेले सारे पीठ ह्या कामी खर्ची पडते. सर्वांत खालचा घोस पिकला की झाड मरते. त्याला फुटवा येत नाही. आयुष्यभराची कमाई ती काय ह्याच फुलोऱ्यांची.

असे एक झाड आमच्या शेजारी, अलकापुरीतील एका जुन्या बंगल्याच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या आवारात आहे. बंगल्याच्या मूळ मालकाने हौसेने लावलेले. बडोद्याच्या उन्हाळ्यात ते कसे तगले हेच नवल. आता ते मध्यावर फुलते आहे, म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य संपले आहे. नरफुले उमलली की सकाळी सातेरी माश्यांची एवढी गर्दी होते की दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत उभे राहिले तरी गुणगुण ऐकू येते. कधी आग्या माश्याही येतात. खाली मोटारींवर पिवळसर फुलांचा सडा पडतो. पुढे फळे पडतात, ती मुलांच्या हातांस लागतात. सोसायटीच्या बैठकीत ठराव आला: हे झाड तसेही मरणारच आहे, तर आताच तोडावे. एक वृद्ध सभासद, मूळचे मडगावकडचे, एवढेच म्हणाले, "अहो, माश्यांनी काय खावे मग?" लोक हसले. कोणीतरी आमच्याकडे वळून म्हणाले, "वकीलसाहेब, माश्यांचे वकीलपत्र तुम्ही घ्या!" थट्टा थट्टेच्या ठिकाणी ठीक, पण तो प्रश्न काही आमच्या डोक्यातून गेला नाही.

कायद्याची पुस्तके उघडली तर माशीविषयी जुनी वचने सापडतात. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने संकलित करविलेल्या रोमन कायद्यात माशी ही रानटी जीवांत गणलेली आहे. तुमच्या झाडावर पोळे बसले एवढ्याने ती तुमची होत नाही, तुम्ही तिला पेटीत घ्याल तेव्हा ती तुमची. हे झाले माशीच्या मालकीविषयी. माशीने कोणाच्या फुलातून काय घ्यावे याविषयी तो कायदा काही बोलत नाही. मात्र क्विंटिलियनच्या नावावर चालत आलेल्या वक्तृत्वाच्या पाठांत एक कल्पित खटला आहे. गरिबाच्या माश्या श्रीमंत शेजाऱ्याच्या बागेत जात. शेजाऱ्याने त्या हलविण्यास सांगितले. गरिबाने ऐकले नाही. तेव्हा श्रीमंताने आपल्याच फुलांवर विष शिंपडले आणि साऱ्या माश्या मेल्या. फूल त्याचे, बाग त्याची, मग अपराध कोणता? विद्यार्थ्यांनी गरिबाची बाजू मांडावयाची असे. हा पाठ रचणाऱ्याला आजच्या कीटकनाशकांची कल्पना नव्हती, तरी वाद आजचाच आहे.

माश्यांचे वकीलपत्र घ्यावयाचे तर पहिला युक्तिवाद हाताशी तयार असतो: ह्या उपयोगी आहेत. ह्या युक्तिवादाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. माडवर्गीय झाडांचे परागण वाराच करतो, फुलांवरचे किडे फुकटे आहेत, असे पुष्कळ काळ धरून चालले होते. फुलोरा प्रचंड, फूल बारीक आणि फिके, पराग उदंड. वाऱ्याचीच ही सारी लक्षणे. १९८६ साली अँड्र्यू हेंडरसन यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा चित्र पालटले. माडवर्गात कीटकांचे काम फार मोठे आहे. कोठे भुंगे, कोठे माश्या, कोठे मधमाश्या. अँडीज पर्वतात ढगांच्या उंचीवर वाढणारा मेणमाड, जो कोलंबियाने १९८५ साली राष्ट्रवृक्ष केला, त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि त्यांच्यामधली ये-जा करतात ते काही मिलिमीटरांचे बारीक भुंगे. पन्नास-साठ मीटर उंचीच्या झाडाचा वंश तांदळाच्या दाण्याहून लहान जीवाच्या पायांवर चालतो.

सर्वांत मोठा धडा तेलमाडाने दिला. आफ्रिकेतला हा माड मलेशियात नेऊन मळेवाल्यांनी लक्षावधी एकर लावला. फळ धड धरेना. मजुरांच्या फौजा ठेवून, प्रत्येक फुलोऱ्यावर हाताने पराग मारण्याचा खर्चिक उद्योग वर्षानुवर्षे चालला. अखेर रहमान सय्यद ह्या कीटकशास्त्रज्ञाने कॅमेरूनमध्ये पाहणी केली. तेथे तेलमाडाच्या फुलोऱ्यावर एक सोंडवाला लहान भुंगा झुंडींनी दिसतो, त्याच्या अळ्या झडलेल्या नरफुलांत वाढतात. त्याला फुलांची नासाडी करणारा समजणे सोपे होते. १९८१ साली तोच भुंगा मलेशियाच्या मळ्यांत सोडला आणि थोड्याच काळात हाताने पराग मारणाऱ्या मजुरांचे काम उरले नाही. ह्या व्यवहारातील एक बारकावा आम्हांस फार आवडतो. तेलमाडाचे नरफूल भुंग्याला अन्न आणि पिलांना घर देते. मादी फूल काहीच देत नाही, फक्त नरफुलासारखा बडीशेपेचा वास सोडते. भुंगा फसून येतो, पराग टाकून रिकाम्या हाती परत जातो. ह्या फुलोऱ्यावर फसवणूक कोणी केली असा खटला लावायचा झाला तर आरोपीच्या पिंजऱ्यात फुलाला उभे करावे लागेल.

हा सारा पुरावा मांडला की वाटते, खटला जिंकला. चोर म्हणून धरून आणलेला मनुष्य घरचा गडी निघाला. पण आम्हांस हा विजय पुरेसा वाटत नाही, आणि याचे कारण पोफळ. वर सांगितलेला तपशील वाचकांनी आठवावा. पोफळीवर मधमाशी पराग नेते आणि मादी फुलाकडे जवळजवळ जात नाही. घेते, देत नाही. कुळागरात उपयुक्ततेचा युक्तिवाद कोसळतो. बरे, अलकापुरीच्या भेर्ली माडाचे काय? त्याची फळे रुजून नवे झाड व्हावे अशी सोसायटीत कोणाचीच इच्छा नाही. तेथे माशीने परागण केले काय, न केले काय, कोणाला त्याचे सोयरसुतक नाही. मग उपयोगी नसलेल्या पाहुण्याला वाटाच नाही असे म्हणावयाचे? उपयोगावर हक्क उभारला की उपयोग सरताच हक्क सरतो, हे आम्ही म्हाताऱ्या आईबापांच्या पोटगीच्या दाव्यांत पुष्कळदा पाहिले आहे. तेथे कायदा आईबापांना विचारीत नाही की तुम्ही आता कोणत्या कामाचे.

आपल्या घरांत ह्या प्रश्नाचे उत्तर एके काळी रोज दुपारी दिले जात असे. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ नावाचा एक यज्ञ आहे. गृहस्थाने जेवण्यापूर्वी भुताखेतांना, कावळ्याकुत्र्यांना, किडामुंगीला घास काढून ठेवावा. हा घास मुंगी घरातला कचरा नेते म्हणून नाही. ती आपल्या घराच्या सावलीत आहे, एवढेच कारण. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर चोराची व्याख्याच उलटी आहे: जो मिळालेले परत न देता एकटा भोगतो तो चोर. म्हणजे फुलावर येणारी माशी चोर की नाही हे ठरविण्याआधी फुलाचा मालक चोर नाही हे सिद्ध व्हावे लागते. सिद्धीचा भार असा फिरला की आम्हां वकिलांची पंचाईत होते!

देवाच्या फुलाविषयी आपली मंडळी सोवळेपणाने काटेकोर असतात. हुंगलेले फूल देवाला चालत नाही. ह्यावर नामदेवांनी फार पूर्वी बोट ठेवले आहे. शिखांच्या ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदाचा आशय असा की पाणी आणावे तर त्यात जीव आहेत, फूल आणावे तर ते भुंग्याने आधीच हुंगलेले, दूध आणावे तर ते वासराने आधीच उष्टावलेले. मग अनुच्छिष्ट असे देवाला काय द्यावे? उत्तर असे की तो पाण्यात, भुंग्यात, वासरातही आहेच. आम्ही धर्मशास्त्रावर अधिकारवाणीने बोलत नाही. परंतु भुंग्याने आधी घेतलेला वाटा हा देवाच्या वाट्यातून वजा होत नाही, एवढे तरी ह्या पदावरून निघते असे आम्हांस वाटते.

देव आणि कायदा यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुक्याला हक्क कसा द्यावा हे आपल्या कायद्याला शिकविण्याची गरज नाही. देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या नावावर मालमत्ता असते, तिच्या वतीने दावा चालतो, हे तत्त्व आपल्या न्यायालयांत मुरलेले असून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मलिक घराण्याच्या खटल्यात त्यावर स्वच्छ शिक्कामोर्तब केले. अमेरिकेत १९७२ साली क्रिस्टोफर स्टोन ह्या प्राध्यापकाने झाडांना दावा लावता यावा की काय असा निबंध लिहिला आणि न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याच वर्षी आपल्या विरोधी मतपत्रात त्याचा पुरस्कार केला, तेव्हा पाश्चात्त्य पंडितांना धक्का बसला. आपल्याकडच्या देवस्थानाच्या कारकुनाला बसला नसता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लीकट्टूच्या खटल्यात प्राण्यांच्या सन्मानाने जगण्याची दखल घेतली. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली गंगा-यमुनेला व्यक्ती ठरविले, ज्याला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली. आणि २०१८ साली त्याच उच्च न्यायालयाने पक्षी व जलचर यांच्यासह साऱ्या प्राणिजातीला व्यक्तित्व बहाल केले. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात तर प्राणी म्हणजे मनुष्याव्यतिरिक्त कोणताही सजीव अशीच व्याख्या आहे. शब्दशः घेतले तर मधमाशी त्यात बसते, आणि माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगाही बसतो, ज्याला आमचा कोणताही कोकणी बागायतदार तारेच्या आकड्याने ओढून मारल्याशिवाय राहणार नाही.

येथेच आमचे मन थबकते. माशीला व्यक्ती ठरवून तिच्या नावे दावे चालविणे ही आम्हांस फार पुढची नव्हे, फार सोपी वाट वाटते. हक्क दिला की तो कोणी तरी चालवावा लागतो, आणि तो चालविणारा अखेर मनुष्यच असतो. नद्यांच्या बाबतीत हीच अडचण पुढे आली. शिवाय गेंड्या भुंग्याला आणि सातेरी माशीला एका पंक्तीत बसवून कोणाचेच भले होत नाही. आमच्या मते उलट बाजूने आरंभ करावा. माशीचे पद वाढविण्यापेक्षा मालकाचे पद नीट समजून घ्यावे.

देवळाशी संबंध असलेल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सेवाधिकारी, ज्याला बंगालकडे शेबाईत म्हणतात, तो देवाच्या जमिनीचा उपभोग घेतो, त्याचे पीक खातो, त्याच्या मुलाकडे तो अधिकार वारशाने जातो. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या अधिकारात पद आणि मालमत्ता दोन्ही मिसळलेली आहेत असे म्हटले. तरी ती जमीन त्याची नव्हे. गोव्याच्या देवस्थानांत महाजनांचेही तसेच. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीने त्यांना कारभार दिला. कुळागराची सुपारी कोणी विकावी, हिशेब कोणी ठेवावा हे ठरविले. पण महाजनाने देवाचे कुळागर उपटून तेथे आपले घर बांधावे असे कोणी म्हणणार नाही. मालकी आणि धुळीस मिळविण्याचा अधिकार ह्या दोन गोष्टी एक नाहीत, हे आपण देवाच्या जमिनीत मान्य केले आहे. देवराईत तर त्याहून पुढे जाऊन वाळलेली काटकीही उचलू दिली जात नसे. तेच मापटे स्वतःच्या आवारातील झाडाला लावले तर? आपण त्या झाडाचे सेवेकरी. फळ खावे, झाप वापरावे, सावलीत बसावे. पण ज्यांचा वाटा आपल्या आधीपासून चालत आला आहे त्यांची वाट आपण बुजवू नये.

आधीपासून म्हणजे किती? दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला, माडवर्गीय झाडांची दगड झालेली खोडे सापडतात. त्यांचे वय सहा कोटी वर्षांच्या वर भरते. सुखाधिकाराच्या आमच्या १८८२ च्या कायद्यात वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्काच्या भावनेने आणि खंड न पडता वहिवाट केली की ती पक्की होते. माशीजवळ हक्काची भावना असते किंवा काय, एवढाच मुद्दा विरुद्ध पक्षाचा वकील काढू शकेल.

आता अवघड भाग. रेंदेराचे काय? त्याने पोय बांधली, रोज टोक कापले, की ते फूल कधी उमलत नाही. माशीला मिळते ते मडक्यात बुडून मरण. आमच्या ओळखीचे काही अहिंसावादी गृहस्थ ह्यावरून रेंदेराचा धंदाच निषिद्ध ठरवू पाहतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. दोरी आणि सुरी घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा माडावर चढणाऱ्या त्या माणसाचा वाटाही फार जुना आहे, आणि त्याच्या हाताखालचा माड पुढच्या महिन्यात दुसरी पोय टाकतो. शेजारच्या दहा माडांवर फुले उमललेली असतात. तेथे सर्वांचे भागते. भेर्ली माडाची गोष्ट वेगळी. त्याच्या पोयीतूनही माडी निघते, लंकेत तर त्याच्या रसाचा गूळ आणि काकवी करण्याचा मोठा धंदा आहे. पण ते झाड एकदाच फुलते आणि मरते. त्याचे सगळे फुलोरे कापले तर त्याचा वंशच कापला, आणि त्या रानातील माश्यांचा, फळांवर जगणाऱ्या उदमांजराचाही घास गेला. एकाच कृत्याला दोन झाडांवर दोन वेगळी वजने येतात. नीतीच्या पुस्तकात हे कलम सापडणार नाही. झाडाचे फुलणे पाहूनच ते कळते. ज्याला झाडाची रीत ठाऊक नाही त्याची सदिच्छा फारशी कामाची नाही, असे आमचे मत होत चालले आहे.

भक्तीलाही हेच लागू. कोलंबियात झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये नेण्यासाठी मेणमाडाची कोवळी पाने इतकी तोडली गेली की झाड आणि त्याच्या ढोलीत घरटे करणारा पिवळ्या कानांचा पोपट दोन्ही संकटात आले. पुढे पाद्र्यांनीच इतर झाडांच्या झावळ्या आणा असा प्रचार केला. आपल्याकडे पोफळ लागवडीची आहे, तिचा तुटवडा नाही. पण लग्नाच्या कमानीसाठी रानातून भेर्ली माडाचे झाप ओढून आणणाऱ्या कंत्राटदाराला कोण आणि कधी विचारणार?

अलकापुरीच्या सोसायटीला आम्ही अखेर लेखी मत दिले. त्यात माश्यांच्या हक्कांविषयी एक ओळ नाही. झाड उभे ठेवण्यात कोणाचे काय नुकसान होते आणि ते कसे टाळता येईल, एवढेच लिहिले: मोटारी भिंतीकडे सरकवाव्यात, घोस लाल होण्याआधी माळ्याने हातमोजे घालून उतरवावेत, फुलोऱ्याच्या दिवसांत औषधाची फवारणी करू नये. फळे उतरवली तर उदमांजराला काय, असा प्रश्न मडगावच्या आजोबांनी काढलाच. अलकापुरीत उदमांजर येते की नाही यावर पंधरा मिनिटे चर्चा झाली, आणि एक घोस मागच्या कुंपणाच्या बाजूला तसाच सोडावा असे ठरले. ठराव तीन विरुद्ध अकरा मतांनी मंजूर झाला. इतिवृत्तात चिटणिसांनी लिहिले आहे की सदर झाड शेवटचा घोस उतरेपर्यंत तोडण्यात येऊ नये, व त्यानंतर तोडणावळीचा खर्च सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यावा.